खाचेतला आवाज

एक सोपा प्रयोग वर्गात करून पाहण्यासारखा आहे. जाड कागदाचा वीतभर लांबीचा शंकू करायचा. त्याच्या निमुळत्या टोकात शिवणाची बारीक सुई तिरपी टोचून चिकटपट्टीने पक्की बसवायची. रेकॉर्ड प्लेअरवर एखादी जुनी, ओरखडे पडलेली, टाकून देण्याजोगी तबकडी फिरत ठेवायची आणि शंकू दोन बोटांत अलगद धरून सुईचे टोक तिच्यावर टेकवायचे. कागदातून गाणे ऐकू येऊ लागते. बारीक, नाकातल्यासारखे, पण शब्द कळतील इतके स्पष्ट. आम्ही हा प्रयोग अनेकदा केला आहे आणि दर वेळी एकतरी विद्यार्थी शंकूच्या आत डोकावून पाहतो. आत काहीच नसते. ना तार, ना बॅटरी, ना स्पीकर. तबकडी फिरवायला लागली तेवढीच वीज. तीही टाळता येते. चावीच्या ग्रामोफोनमध्ये ते काम स्प्रिंग करते.

कॅसेटच्या फितीवरून बोट फिरवून गाणे कळत नाही. त्यासाठी चुंबकीय हेड लागते. सीडीवरचे गाणे आकड्यांच्या सांकेतिक लिपीत असते. ते वाचायला लेसर हवा आणि ती लिपी जाणणारे यंत्रही हवे. तबकडीचे तसे नाही. तिच्यावरची खाच म्हणजे हवेच्या कंपनांचेच चित्र. सुईने ती गिरवली की आवाज पुन्हा जन्माला येतो. म्हणून जुन्या तबकड्या जमवणे हा नुसता जुन्याचा सोस नव्हे. तबकडी हा आवाजाचा ताम्रपट आहे. इतिहासाचे साधन म्हणून तो कसा वाचायचा, हेच आपण या लेखात पाहणार आहोत.

आवाजाची रेघ

आवाज म्हणजे कंपन, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होते. ते कंपन कागदावर उमटवण्याचे काम एदुआर-लेआँ स्कॉट या फ्रेंच गृहस्थाने केले. १८५७ साली त्याने एका उपकरणाचे पेटंट घेतले. कर्ण्यात बोलले की त्याच्या टोकाचा पडदा थरथरे, पडद्याला जोडलेला ताठ केस हले आणि काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेघ उठे. पण ही रेघ पाहण्यासाठी होती. तिच्यावरून आवाज परत काढावा असा त्याचा हेतूच नव्हता.

तो विचार थॉमस एडिसनने प्रत्यक्षात आणला. १८७७ साली त्याने नळकांड्यावर गुंडाळलेल्या कथलाच्या पातळ पत्र्यावर आवाज उठवला आणि तोच पुन्हा ऐकवला. नळकांड्याची अडचण अशी की त्याच्या भराभर प्रती काढता येत नसत. १८८७ साली एमिल बर्लिनरने नळकांड्याऐवजी सपाट चकती घेतली आणि ग्रामोफोनचे पेटंट मिळवले. एडिसनची सुई वर-खाली हले, बर्लिनरची डावी-उजवीकडे. सपाट चकतीचा मोठा फायदा म्हणजे तिचा धातूचा ठसा करता येतो आणि छापखान्यात पाने छापावीत तशा त्यावरून हजारो प्रती दाबून काढता येतात.

मेणाच्या जाड चकतीवर गाणे कोरायचे, तिच्यावर विद्युत-विलेपनाने धातूचा थर चढवायचा आणि तो सोडवून घ्यायचा. हा झाला उलटा ठसा. खाचेच्या जागी त्यावर उंचवटा असतो. त्यावरून सुलटा आणि सुलट्यावरून पुन्हा उलटा असे ठसे काढत जायचे. शेवटच्या ठशांमध्ये गरम मऊ लगदा दाबला की तबकडी तयार.

लाखेची गोष्ट

हा लगदा कशाचा? इथे आपल्या देशाचा संबंध येतो, तोही गवयांच्या आधी किड्यांमुळे. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे राहतात. झाडाचा रस शोषून ते अंगाभोवती राळेसारखे कवच तयार करतात. तीच लाख. महाभारतातले लाक्षागृह याच पदार्थाचे. आजच्या झारखंडातला छोटा नागपूरचा प्रदेश लाखेसाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे गोंदिया-भंडारा भागातही ती होते. लाख ऊब लागली की मऊ पडते आणि निवली की कडक होते. १८९०च्या दशकाच्या मध्यापासून तबकड्यांसाठी हिचाच वापर सुरू झाला. लाखेत दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू मिसळत. लंडन, न्यूयॉर्क, बर्लिन कुठेही गाणे वाजो, त्या तबकडीतली लाख बहुधा हिंदुस्थानातल्या जंगलातून गेलेली असे.

दगडाची भुकटी का घालत, हे समजून घेण्यासारखे आहे. जुन्या ग्रामोफोनचा ध्वनिपेटीचा भाग जड असे. पोलादी पिनेवर शंभर ग्रॅमहून जास्त भार पडे. पहिल्या काही फेऱ्यांत ही भुकटी पिनेचे टोक घासून खाचेच्या मापाचे करी. झिजायचे ते पिनेने, तबकडीने नव्हे. म्हणून तर दर बाजूला नवी पीन लावायची रीत होती आणि पिनांची पत्र्याची डबी ग्रामोफोनच्या शेजारी असायचीच. ज्या घरांत काटकसर म्हणून एकच पीन महिनाभर चालवली गेली, त्या घरांतल्या तबकड्या आज खरखरतात. खरखर ऐकून घरातल्या सवयी कळतात, त्या अशा.

कर्ण्यासमोर तीन मिनिटे

१९०२ सालच्या हिवाळ्यात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला. काही आठवड्यांत त्याने पाचशेहून अधिक ध्वनिमुद्रणे केली. त्या नोव्हेंबरात गौहर जान हिने त्याच्या कर्ण्यात तोंड घालून गाणे म्हटले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याच्या आवाजातली शक्तीच पडद्याला हलवी आणि मेणात खाच पाडी. म्हणून खणखणीत आवाज चांगला उमटे. तंबोऱ्याची आस मात्र बहुधा हरवून जाई. मेणाच्या चकत्या जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथून तबकड्या होऊन परत येत. गौहर जानच्या सुरुवातीच्या मुद्रिकांत गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव सांगते. आज ऐकणाऱ्याला ती ऐट वाटते. पण हॅनोव्हरच्या कारागिरांना भाषा कळत नव्हती. कुठल्या चकतीवर कुणाचे लेबल लावायचे हे त्यांना त्या घोषणेवरून कळे, असे याचे कारण सांगितले जाते. १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना सुरू झाला आणि हा फेरा चुकला.

दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांत संपते, बारा इंची चार-साडेचार मिनिटांत. तास-तासभर ख्याल गाणाऱ्यांपुढे हा पेच होता. विस्ताराने मांडायचा राग तीन मिनिटांत कसा दाखवायचा? बहुतेकांनी बंदिशीचा मुखडा, मोजकी आलापी आणि ठेवणीतल्या ताना असा अर्क काढला. काहींचे हे अर्क अतिशय रेखीव आहेत. पण इथेच अभ्यासकाने सावध राहायला हवे. खाँसाहेब मैफलीत असेच गात होते, असा निष्कर्ष तीन मिनिटांच्या तबकडीवरून काढणे म्हणजे पोस्टकार्डावरून माणसाच्या बोलण्याची लांबी ठरवणे होय. दस्तऐवज जे सांगतो ते ऐकावेच. पण तो कोणत्या मर्यादेत लिहिला गेला, हेही ध्यानात ठेवावे.

१९२५ साली विद्युत-ध्वनिमुद्रण आले. मायक्रोफोनमुळे हळू आवाजातली फिरत आणि साथीच्या वाद्यांची नाजूक आसही खाचेत उतरू लागली. मिरजेला राहिलेल्या अब्दुल करीम खाँ यांच्या १९३०च्या दशकातल्या मुद्रिका त्यांच्याच १९०५च्या सुमाराच्या मुद्रिकांशेजारी ठेवून ऐकाव्यात. तीस वर्षांत गायक बदलला की यंत्र, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. उत्तर सोपे नाही आणि म्हणूनच तो चांगला प्रश्न आहे.

लाखेकडून व्हायनिलकडे

दुसऱ्या महायुद्धात लाखेला युद्धसामग्रीकडून मागणी वाढली आणि जहाजांची वाहतूक धोक्यात आली. १९४२ साली अमेरिकेत तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर सरकारी बंधने आली. सैनिकांसाठी काढलेल्या तबकड्यांत मग व्हायनिल हे प्लॅस्टिक वापरले गेले. ते हलके होते आणि पडले तरी फुटत नव्हते. शिवाय दगडाच्या भुकटीची गरज नसल्यामुळे त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत राही आणि अतिशय बारीक खाच पाडता येई. १९४८च्या जूनमध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी व्हायनिलची एलपी बाजारात आणली.

फरक किती, ते गणिताने पाहू. दहा इंची जुनी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. तीन मिनिटांत २३४ फेरे होतात. खाच असलेला पट्टा सुमारे ७ सेंमी रुंद असतो. म्हणजे दोन शेजारच्या खाचांत सुमारे ०.३ मिमी अंतर आले. बारा इंची एलपी २२ मिनिटांत सुमारे ७३३ फेरे घेते आणि पट्टा साधारण ८.६ सेंमीचा. अंतर झाले सुमारे ०.१२ मिमी. एलपीच्या एका बाजूची खाच उलगडून सरळ केली तर तिची लांबी जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. हे उदाहरण वर्तुळाचा परीघ शिकवताना अवश्य घालावे. बाहेरच्या फेऱ्याची आणि आतल्या फेऱ्याची लांबी मोजून सरासरी काढायला मुलांना मजा येते.

याच मोजमापातून आणखी एक गोष्ट कळते. फेऱ्याला लागणारा वेळ सारखाच असतो, १.८ सेकंद, पण बाहेरचा फेरा सुमारे ९२ सेंमीचा आणि आतला त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे सेकंदाला १०,००० कंपनांचा सूर बाहेरच्या खाचेत ०.०५ मिमीची लाट काढतो, तर आत तीच लाट ०.०२ मिमीत कोंबावी लागते. सुईच्या टोकाला ती वळणे नीट घेता येत नाहीत. म्हणूनच एलपीच्या शेवटच्या गाण्यात वरचे सूर किंचित मळकट वाटतात.

वीस-बावीस मिनिटे मिळाल्याने संगीताचे रूप पालटले. अमीर खाँ यांचा मारवा एका बाजूला आणि दरबारी दुसऱ्या बाजूला अशी एलपी निघू शकली. राग विस्ताराने घरात आला. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेले गीतरामायणही पुढे एलपींच्या संचातून घरोघरी पोचले. पाश्चात्त्य देशांत ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६०च्या आसपास थांबल्या. आपल्याकडे चावीचे ग्रामोफोन खेडोपाडी असल्यामुळे त्या त्यानंतरही काही वर्षे निघत राहिल्या.

वेग ठरवण्याचा तंटा

जुनी तबकडी मिळाली की संग्राहकापुढे पहिला प्रश्न वेगाचा असतो. नाव ७८चे असले तरी सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रणाचा वेग कारखान्या-कारखान्यागणिक थोडा मागेपुढे असे. ७५ फेऱ्यांवर मुद्रित केलेले गाणे ७८वर वाजवले तर प्रत्येक सुराची वारंवारता ४ टक्क्यांनी वाढते. दोन लगतच्या स्वरांत, म्हणजे षड्ज आणि कोमल रिषभात, सुमारे ६ टक्क्यांचा फरक असतो. म्हणजे गायकाची पट्टी अशा अंतराच्या सुमारे दोन-तृतीयांशाने चढली आणि तानाही होत्या त्याहून जलद झाल्या. अमुक गवई काळी दोनमध्ये गात असे, हे विधान तबकडीवरून करायचे तर आधी वेग सिद्ध करायला हवा.

वेगाची चूक किती फसवते, याचे उत्तम उदाहरण स्कॉटचेच आहे. त्याने १८६० साली काजळीवर उठवलेली एका फ्रेंच लोकगीताची रेघ २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी संगणकाच्या साहाय्याने ऐकवली. आवाज एखाद्या मुलीचा वाटला. पुढे लक्षात आले की रेघ दुप्पट वेगाने वाचली गेली होती. योग्य वेग धरल्यावर ती मुलगी एक प्रौढ पुरुष निघाली. तो बहुधा स्वतः स्कॉटच असावा.

आपल्या प्लेअरचा वेग तपासणे मात्र सोपे आहे. कागदाच्या चकतीवर कडेने सारख्या अंतरावर काळे पट्टे काढावेत: ७८साठी ७७ पट्टे, ३३ १/३ साठी १८०. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने जुन्या पद्धतीची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. तिच्या उजेडात फिरती चकती पाहिली आणि पट्टे जागच्या जागी उभे दिसले, तर वेग बरोबर. पट्टे पुढे सरकताना दिसले तर वेग जास्त, मागे सरकले तर कमी. १८० पट्टेच का, हे गणित विद्यार्थ्यांवर सोपवावे.

संग्राहकांचे बरेचसे काम असे असते: वेग, साल, छाप आणि साथीदार यांचा माग काढणे. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत भागात बारीक आकडे कोरलेले असतात. ते ध्वनिमुद्रणाच्या क्रमाचे असतात आणि त्यांवरून कोणते गाणे आधी व कोणते नंतर हे कळते. १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ डॉ. सुरेश चांदवणकर यांनी तिचे काम चालवले. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार अशा ठिकाणी पायपीट करणाऱ्यांनी जे जमवले, त्यातून आपल्या संगीताच्या इतिहासाची कितीतरी पाने भरली. त्यातला आनंद आम्हाला थोडाफार ठाऊक आहे. धुळीने भरलेल्या ढिगाऱ्यात हात काळे करावेत, तडा गेलेल्या चार तबकड्या बाजूला साराव्यात आणि पाचवीच्या लेबलावर ओळखीचे नाव दिसावे. घरी आणून ती पुसून लावेपर्यंत धीर धरवत नाही.

तीन प्रतींचे खोके

आता दोन गवयांची गोष्ट सांगून आवरते घेतो. जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यू अल्लादिया खाँ (१८५५-१९४६) कोल्हापूर दरबारात होते. ग्रामोफोन हिंदुस्थानात आल्यानंतर ते चव्वेचाळीस वर्षे जगले. पण आज त्यांचा आवाज ऐकायचा म्हटले तर एक क्षणभरही उपलब्ध नाही. जे आहे ते शिष्यांच्या आठवणींत आणि शिष्यांच्या गाण्यात.

त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या. त्यांनी तबकड्या दिल्या, त्याही निवडक. त्यांतली एक साडेतीन मिनिटांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. १९७७ साली अमेरिकेची व्हॉयेजर याने सूर्यमालेबाहेर जाण्यासाठी सिद्ध होत होती. त्यांच्यासोबत पृथ्वीची ओळख सांगणारी एक तबकडी पाठवायचे ठरले. कार्ल सेगन यांच्या गटाला एका संगीतज्ञाने हीच भैरवी सुचवली. पण ती बाजारात मिळेनाशी झाली होती. पुष्कळ शोधाशोध केल्यावर अ‍ॅन ड्रुयान यांना न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, धूळ खात पडलेल्या खोक्यात तिच्या तीन प्रती सापडल्या. त्या खोक्यामुळे केसरबाई अंतराळात गेल्या. सप्टेंबर १९७७ मध्ये व्हॉयेजर-१ निघाले आणि त्याच महिन्यात केसरबाईंचे निधन झाले.

ही तबकडी बारा इंची, तांब्याची, वर सोन्याचा मुलामा दिलेली आहे. तिच्यावर ५५ भाषांतले नमस्कार आहेत. त्यांत मराठीही आहे. ती मिनिटाला १६ २/३ फेऱ्यांनी वाजवायची. पण मिनिट म्हणजे काय, हे परक्या ग्रहावर कसे सांगणार? म्हणून एका फेऱ्याचे ३.६ सेकंद हायड्रोजनच्या अणूतल्या एका बदलाच्या कालावधीच्या पटीत वेष्टणावर कोरले आहेत. सोबत सुई ठेवली आहे आणि ती कशी टेकवायची याचे चित्रही. कुणी त्या साडेतीन मिनिटांना योग्य वेग दिला तर केसरबाईंचा षड्ज जिथे होता तिथेच लागेल. आज व्हॉयेजर-१ आपल्यापासून २,४०० कोटी किलोमीटरांहून दूर आहे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्यांना घरातल्या माळ्यावर, जुन्या पेटाऱ्यात तबकड्या आहेत का ते पाहायला सांगा. मिळाल्या तर आधी लेबलावरचे नाव, क्रमांक आणि आत कोरलेले आकडे वहीत उतरवा. कोणाच्या घरातून आली, कोण ऐकत असे, हेही लिहा. लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नका. सुताराचे पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळलेली लाखच असते, तशी तबकडीही विरघळू लागेल. किंचित ओल्या मऊ कापडाने पुसा आणि लगेच कोरडी करा. तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. उन्हापासून दूर ठेवा. कागदाच्या शंकूचा प्रयोग फक्त निकामी तबकडीवरच करा, कारण शिवणाची सुई खाच खरवडते.

अल्लादिया खाँ यांच्या गाण्याची खाच कुणी पाडलीच नाही, म्हणून ते गेले. केसरबाईंच्या गाण्याची खाच पाडली गेली. तरीही ते खोके कुणी भंगारात दिले असते तर व्हॉयेजरवर दुसरेच काहीतरी गेले असते. आपल्या गावातल्या माळ्यावर कुणाचे खोके आहे, हे आपल्याला माहीत नाही. पावसाळ्यापूर्वी पाहून घेतलेले बरे.